फळ्याकडे तोंड करून

पहिल्या वर्षाच्या पोरांनी आम्हा तिघांना नावं ठेवली आहेत. मी गणित शिकवते आणि प्रत्येक पायरीनंतर फळ्यावर 'म्हणून' लिहिते, तर मी म्हणून बाई. अर्थशास्त्राचे सर एकही वाक्य सरळ संपवत नाहीत, मध्ये 'परंतु' आल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही, तर ते परंतु सर. आणि साहित्य शिकवते, प्रत्येक गोष्टीला एक उपमा जोडते, ती जणू बाई. ही जणू बाई म्हणजे माझी सख्खी नणंद. घरात तिला सगळे राणी म्हणतात. हे लाडाचं नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलं आणि तिने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

आधीच सांगून ठेवते, मी काही वाईट बाई नाही. नणंदेचं भलं झालेलं मला आवडतं, फक्त ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ नये. पण तिची खोली माझ्या खोलीला लागूनच, मध्ये एक भिंत. इकडे मी घसा सुकेपर्यंत पायऱ्या समजावत असते आणि तिकडून हशा येतो. थोड्या वेळाने एकदम शांतता, आणि मग कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज. म्हणजे हसवून झालं, आता रडवणं चालू. माझ्या वर्गातली पोरं त्या भिंतीकडे आशेने बघत बसतात. पोरांना रडवायला राणीला कविता लागते. मला रडवायला राणी पुरते.

आमच्या कॉलेजात पहिल्या सहामाहीत सगळ्यांना तिन्ही विषयांची तोंडओळख करून घ्यावी लागते, गणित, साहित्य आणि अर्थशास्त्र. सहामाही संपली की त्यातला एक धरायचा आणि पुढे पदवीपर्यंत तोच शिकायचा. तो धरायची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. त्या दिवशी पोरं खाली अंगणात उभी राहतात. पहिली घंटा झाली की वर यायचं आणि ज्याच्याकडे शिकायचं त्याच्या खोलीत जाऊन बसायचं. शिकवणाऱ्याने तोवर फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं, दुसरी घंटा होईपर्यंत वळायचं नाही. कुणाच्या नजरेच्या भिडेने कुणी बसू नये म्हणून कुठल्याशा जुन्या प्राचार्यांनी हे घालून दिलं. आम्ही त्याला बसायचा दिवस म्हणतो. घंटा झाली, वळलात, समोर जी बसलेली असतील ती तुमची.

दरवर्षी मी वळते तेव्हा समोर मूठभर पोरं असतात. त्यातली दोन-तीन तर जणू बाईंकडे बूड टेकायला जागा मिळाली नाही म्हणून आलेली. परंतु सरांकडे बरी गर्दी असते, कारण अर्थशास्त्र शिकलं की नोकरी मिळते अशी अफवा आहे. आणि राणीच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा पोरं. हे मी वर्षानुवर्षं गिळत आले. पण यंदा आमची चिंगी पहिल्या वर्षाला आली.

चिंगी म्हणजे माझी लेक, एकुलती एक. कॉलेजात गेल्यापासून तिला चिंगी म्हटलेलं खपत नाही, पण घरात तिचं कोण ऐकतं. लहानपणी ती खेळातले ठोकळे आकाराप्रमाणे लावायची आणि एक जरी इकडेतिकडे झाला तरी सगळे मोडून पुन्हा पहिल्यापासून लावायची. ही माझी आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. यंदा मी वळेन तेव्हा ती समोर असावी, एवढंच मला हवं होतं. बाकी सगळी खोली रिकामी राहिली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

त्यात मी एक शहाणपणा केला. पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "कॉलेजचं घरी आणायचं नाही. वर्गात मी बाई, घरात आई. इथे गणितातला 'ग'सुद्धा काढायचा नाही. उद्या कुणी म्हणायला नको की आईने पेपर सांगितला."

"आणि शंका आली तर?" चिंगीने विचारलं.

"वर्गात विचार, सगळे विचारतात तशी."

नवरा जेवता जेवता म्हणाला, "अगं, एवढं कशाला?" तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायची त्याला सवय आहे, त्यामुळे घरातही कुणी न बोलावता मध्ये पडतो. मी त्याला म्हटलं, "तू जेव."

वर्गात चिंगी मागून दुसऱ्या बाकावर बसायची, खिडकीकडच्या बाजूला. अक्षर बोलायची नाही. मी सिद्धता मांडायची, 'म्हणून' लिहायची, वळून विचारायची, "समजलं?" हिची मान खाली, वहीत लिहिणं चालू. शंका नाही, प्रश्न नाही, साधी जांभईसुद्धा नाही. आणि संध्याकाळी जेवण झालं की आपलं ताट घासून जी वर जायची ती आत्याकडे.

राणी आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. लग्न तिने केलं नाही, वेळ झाला नाही म्हणते. जिना आमच्या स्वयंपाकघरातून जातो, त्यामुळे कोण वर गेलं आणि कधी खाली आलं हे मला पाठ फिरवूनही कळतं. चिंगी वर गेली की थोड्या वेळाने डोक्यावर पावलं वाजायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग राणीचा आवाज चढायचा, मग चिंगीचा. मग दोघींचं हसणं सुरू व्हायचं, ते असं की खाली नवरासुद्धा वर्तमानपत्राच्या मागे उगाचच हसायचा.

"काय चाललंय एवढं वर?" तो विचारायचा.

"साहित्य. दुसरं काय असणार."

"मग तूही जा की."

"मला कुणी बोलावलंय?"

"अगं, आत्या-भाचीत बोलावणं कसलं? जिना आपलाच आहे."

जिना आपलाच आहे म्हणे. सगळ्या घराला जेवायला घालणारी मी, आणि माझ्याच लेकीच्या हसण्यात मी आगंतुकासारखी जाऊन उभी राहू? मी गेले नाही. खाली भांडी जरा जोरात लावायची, एवढंच माझ्या हातात होतं. चिंगी खाली यायची तेव्हा तिचे डोळे चमकत असायचे. मी विचारायची, "काय केलंत?" ती म्हणायची, "कॉलेजचं घरी आणायचं नाही," आणि झोपायला जायची. माझाच नियम तिने माझ्याच तोंडावर मारला.

एकदा माझा तास रिकामा होता. मी राणीच्या वर्गात मागच्या दाराने शिरले. शिपायाला सांगितलं, पंखा आवाज करतो अशी तक्रार आहे, बघायला आलेय. गणिताच्या बाई पंखा कशाला बघतील, हे त्याने विचारलं नाही, भला माणूस आहे.

राणी एक कविता वाचत होती. दाराशी काढून ठेवलेल्या कुणा म्हाताऱ्याच्या चपलांवरची. ना यमक, ना काही. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटलं, टेबलाला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" बस, एवढंच. या प्रश्नासाठी तिला पगार मिळतो. आणि पोरं अशी तुटून पडली, की याचं संपण्याआधी त्याचं सुरू. तेवढ्यात खिडकीकडून एक हात वर झाला. चिंगीचा.

"आत्या, म्हणजे बाई," ती म्हणाली, "मला वाटतं तो आता परत येणार नाहीये. पण घरच्यांना ते अजून माहीत नाही, म्हणून त्यांनी चपला हलवलेल्या नाहीत."

राणीने फक्त मान हलवली, आणि त्या मान हलवण्यावर माझी लेक आनंदाने लाल झाली. मला कुणी थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. म्हणजे हिला आवाज आहे. दुसऱ्याच्या वर्गात तो फुटतो, आईच्या वर्गात तो आवळून धरते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण इतकं? मी पंख्याकडे बघत उभी राहिले. पंखा उत्तम चालला होता.

पण एक झालं, मला गुपित कळलं. 'तुम्हाला काय वाटतं?' हेच ते औषध. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर एक समीकरण लिहिलं, टेबलाला टेकले, अगदी राणी टेकते तशी, आणि विचारलं, "याच्याकडे बघून तुम्हाला काय वाटतं?"

वर्ग गार. सहामाहीभर ज्यांना या खोलीत काय वाटतं ते कुणी विचारलं नव्हतं, ती पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "भूक." सगळे खो-खो हसले. आणि खरं सांगते, माझा राग कुठल्या कुठे गेला, कारण ते हसणं भिंतीपलीकडचं नव्हतं, माझ्या खोलीतलं होतं. मीही हसले. मला त्या हशाची चटकच लागली.

मग मी मागे वळून बघितलं नाही. मूळ संख्या कधी संपत नाहीत, ही माझी सगळ्यात लाडकी सिद्धता. दरवर्षी मी ती अशी मांडते की कुणी कितीही हलवावं, एक ओळ जागची हलत नाही. यंदा मी तिच्याऐवजी एका गणितज्ञाची गोष्ट सांगितली. तो मूळ संख्या शोधता शोधता स्वतःच्याच लग्नाला जायला विसरतो, आणि तिकडे नवरी दुसऱ्याशी लग्न करून मोकळी होते. असा कुणी गणितज्ञ झाला नाही. मी त्याला आदल्या दिवशी भाजी चिरताना जन्माला घातला होता. शेवटाला मी आवाज खाली आणला, थोडी थांबले, आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी खरोखर रडली. आता लाव म्हटलं भिंतीला कान, राणीसाहेब.

गोष्टीत तास जवळजवळ संपला. उरलेल्या वेळात मी सिद्धतेच्या चार ओळी भराभर फळ्यावर खरडल्या आणि खडू खाली ठेवला. आणि काय सांगू, खिडकीकडून हात वर झाला. माझी चिंगी. माझ्या वर्गात, पहिल्यांदा.

"बाई, तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?"

"ते सोडून द्या हो," मी हसत म्हणाले. "त्या बिचाऱ्याची नवरी गेली आणि तुम्हाला ओळी सुचतायत."

वर्ग हसला. चिंगी उभीच होती. "पण मधली पायरी?"

"मधली पायरी पुस्तकात आहे, घरी बघा."

ती खाली बसली. ती बोलली याचाच मला एवढा आनंद झाला होता, की काय बोलली इकडे माझं लक्षच नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मी बेकरीतून मोठा केक घेतला. नवऱ्याने विचारलं, "कसला?" मी म्हटलं, "असाच." चिंगी पोट भरलंय म्हणाली. तिच्या वाटणीचा मीच खाल्ला.

त्यानंतर माझं पीक जोरात आलं. दुसऱ्या तुकडीची पोरं माझ्या तासाला येऊन बसायला लागली, शिपाई खुर्च्या वाहून दमला. मी रोज नवा गणितज्ञ घडवायची. एकाला क्षय झाला, एकाला भावाने फसवलं, एकीने कैदेत भिंतीवर कोळशाने वर्तुळं काढली. चाचणीही सोपी काढली, कुणाला कशाला रडवा, रडवायला गोष्टी होत्याच. 'म्हणून' लिहायला वेळच उरत नव्हता. आणि मजा म्हणजे घरी चिंगीचं वर जाणंही कमी झालं. गेली तरी लगेच खाली यायची. छतावर पावलं नाहीत, हसणं नाही. मी मनात म्हटलं, उतरली जादू.

शिक्षकांच्या खोलीत परंतु सर डबा उघडता उघडता म्हणाले, "बाई, सध्या तुमचा माल फार खपतोय."

"मग तुमच्या का पोटात दुखतंय?"

"छे छे, मला आनंदच आहे. परंतु भाव पाडला की माल खपतोच. आम्ही पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो, जे मिळालं त्याची खरी किंमत म्हणजे त्यापायी जे सोडलं ते."

"मी काही सोडलेलं नाही, सर. मी फक्त मिळवतेय."

कोपऱ्यात राणी पेपर तपासत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्या एवढ्याशा बघण्यात मला हेवा दिसला. हेवा मला बरोबर ओळखता येतो, वर्षानुवर्षं आरशात बघितलाय. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

बसायच्या दिवसाच्या आधी तिने मला जिन्यात गाठलं. "वहिनी, एक सांगू? रागावू नकोस. तू पूर्वीसारखं शिकव ना."

"का गं? तुझ्याकडची पोरं कमी व्हायला लागली?"

"पोरांचं नाही म्हणत मी."

"मग कशाचं म्हणतेस?"

तिने खाली स्वयंपाकघराकडे बघितलं, तिथे चिंगी पाणी पीत होती. "माझं ऐक, एवढंच," राणी म्हणाली. मी म्हटलं, "आजवर तू हसवलंस, रडवलंस, मी कधी तुला म्हटलं का, कमी कर म्हणून?" आणि तिच्या बाजूने निघून गेले. चोराच्या उलट्या बोंबा.

बसायच्या दिवशी मी केस नीट बांधले, चष्मा दोनदा पुसला आणि पहिल्या घंटेआधीच फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. फळा कोरा होता. घंटा झाली. जिन्यावर पावलांचा गलका झाला आणि पोरं आत यायला लागली. पूर्वी मी एकेक पाऊल ऐकायची, इतकी कमी असायची. आज बाक करकरत होते, कुणी म्हणत होतं सरक ना, कुणी खुर्ची ओढत होतं. मी बाकीचं सगळं बाजूला सारून एकच आवाज शोधत होते. चिंगीच्या डाव्या चपलेचं बक्कल सैल आहे, चालताना वाजतं. बदलून घे, बदलून घे म्हणून मी तिचं डोकं खाल्लं होतं. बरं झालं तिने ऐकलं नाही, असं त्या दिवशी मला वाटलं.

ते बक्कल आलं. व्हरांड्यातून वाजत वाजत आलं आणि माझ्या दाराशी थांबलं. मला पाठीलाच डोळे फुटले होते, ती उंबऱ्यावर उभी आहे हे मला दिसत होतं म्हणा ना. ये गं बाई, मी मनात म्हटलं, ये. तेवढ्यात पोरांचा मोठा घोळका हसत आत घुसला आणि त्या गलक्यात बक्कल ऐकू येईनासं झालं. आली असणार. माझ्या दाराशी आली म्हणजे आत आलीच असणार.

दुसरी घंटा झाली. मी वळले. खोली ओसंडून वाहत होती. एका बाकावर चौघं, खिडकीच्या कट्ट्यावर पोरं, जमिनीवर मांडी घालून पोरं. मला बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागून दुसऱ्या बाकाकडे बघितलं, खिडकीशी. तिथे दुसरीच मुलगी होती. मग पहिल्या बाकापासून एकेक चेहरा बघत मागे गेले, आणि मागून पुन्हा पुढे आले. चिंगी नव्हती.

"बाई, आज कुठली गोष्ट?" कुणीतरी विचारलं.

मी व्हरांड्यात आले. राणीच्या दाराला काच आहे. आत नेहमीपेक्षा निम्मीसुद्धा पोरं नव्हती, आणि तिसऱ्या बाकावर चिंगी बसली होती, दोन्ही हात बाकावर ठेवून. घंटा होऊन गेली तरी राणी अजून फळ्याकडेच तोंड करून उभी होती. वळायला तयारच नव्हती.

संध्याकाळी राणी जिन्यावरून खाली आली तेव्हा मी तयारच होते. "या राणीसाहेब, जिंकलात. खोली रिकामी झाली तर काय, हवी होती ती नेलीत. सासऱ्यांच्या वेळेपासून या घरातलं चांगलं ते तुझंच."

"वहिनी, गप्प बस आणि वर चल," राणी म्हणाली. तिने माझ्याशी असा आवाज कधी लावला नव्हता. मी गेले.

तिच्या खोलीत एक मोठं लोखंडी कपाट आहे, काळपट हिरव्या रंगाचं. त्याच्या दोन्ही दारांवर वरपासून खालपर्यंत खडूने लिहिलेलं होतं. अक्षर चिंगीचं. सहामाहीच्या सुरुवातीपासून मी शिकवलेल्या सिद्धता, बारीक अक्षरात, एकीखाली एक, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'म्हणून'. अगदी खाली मूळ संख्यांची सिद्धता होती. तिच्या तीनच ओळी होत्या.

"रोज संध्याकाळी ती मला गणित शिकवत होती," राणी म्हणाली. "तू सकाळी वर्गात जे घेशील ते संध्याकाळी मला. तुझ्यासमोर घरात 'ग' काढायचा नव्हता ना तिला. मी म्हणायचे, अगं, असेल एखादी शेवटची मूळ संख्या, असू दे ना बिचारी. ती म्हणायची, आत्या, तुला काय वाटतं याला इथे कुणी विचारत नाही. आणि आम्ही हसत सुटायचो. बसायचा दिवस झाला की तुला वर आणून हे दाखवणार होती. तोवर बोलायचं नाही अशी मला शपथ घातलेली. मग एक दिवस म्हणाली, आत्या, आईने पुढचं शिकवलंच नाही."

माणसाला अशा वेळी पश्चात्ताप वगैरे होतो म्हणतात. मला आधी हेवाच वाटला, पूर्वी कधी वाटला नव्हता इतका. माझ्या लेकीने तिच्या आयुष्यातल्या पहिल्या सिद्धता मांडल्या आणि त्या ऐकायला ही बसली होती, पलंगावर पाय दुमडून, त्यातलं ओ की ठो कळत नसताना. मी खाली भांडी आपटत होते.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"जिन्यात सांगत होते. तू ऐकलंस?"

मी खाली आले. चिंगी स्वयंपाकघरात एकटीच जेवत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आठवडाभरात खोली बदलता येते. मी प्राचार्यांशी बोलते."

"नको, आई."

"मी पहिल्यासारखं शिकवीन. उद्यापासून. तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी येते ते आत्ता सांगते तुला, इथे, घरात."

"तुझ्या खोलीत एवढी पोरं बसलीत, ती गोष्टींसाठी बसलीत," ती म्हणाली. "त्यांना आता तू काय सांगणार?"

मी म्हटलं, "पण तुला गणित आवडतं."

"आवडायचं." तिने घास खाली ठेवला. "तुझ्या वर्गात मला काय वाटतं याला काही किंमत नव्हती. ते मला फार बरं वाटायचं, आई. कुणी लाडकं नाही, कुणी रडत नाही. बरोबर असेल तर बरोबर. मी तुझी मुलगी आहे हेसुद्धा त्या ओळींना ठाऊक नव्हतं. मग तू गोष्टी सांगायला लागलीस."

"तुला गोष्टी आवडतात असं मला वाटलं. तिथे बोलायचीस तू."

"आवडतात की. पण गोष्टीच ऐकायच्या तर आत्याकडे ऐकेन ना. तिला त्या येतात."

हे तिने चिडून नाही म्हटलं. दोन आणि दोन चार म्हणावं, तसं म्हटलं. माझ्याकडूनच शिकलेली होती ती. मी समोरचं पाण्याचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं.

"रागावलीस?" चिंगीने विचारलं.

"नाही."

"मग?"

"हेवा वाटतोय."

"आत्याचा?"

हो म्हणणार होते, जिभेला तीच सवय. "नाही," मी म्हणाले. "तू जिच्या खोलीत बसणार होतीस ना, त्या म्हणून बाईचा."

"मला पण ती आवडायची," चिंगी म्हणाली, आणि उठून तिने आपलं ताट नळाखाली धरलं.